काळजाचा तुकडा

'काळीज' हा शब्द मराठीत मोठा फसवा आहे. आम्ही एम. ए. झालो ते मराठी घेऊन. पोटासाठी मात्र धारच्या शासकीय शाळेत हिंदी माध्यमाच्या मुलांना शिकवीत आलो. तरी रविवारी सकाळी समाजातील आठ-दहा मुले जमवून त्यांना मराठी वाचावयास लावण्याचा परिपाठ आम्ही सोडलेला नाही. तेथे हा शब्द हमखास येतो. काळीज धडधडते, काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात. मुलांनी अर्थ विचारला की 'हृदय' असे सांगून आम्ही पुढच्या ओळीकडे वळत असू. वास्तविक खाटकाच्या दुकानी जाऊन काळीज मागणाऱ्यास तो जे तोलून देतो ते यकृत असते. पोटच्या मुलास आपण काळजाचा तुकडा म्हणतो. त्या तुकड्याचा अर्थ कोशात पाहून भागत नाही, हे कळावयास आम्हांस वयाची चौपन्न वर्षे लागली.

आमचे वडील बंधू अण्णा देवासला असतात. वयाने ते आमच्याहून दहा वर्षांनी मोठे. घर टेकडीच्या पायथ्याशी. पहाटे टेकडी चढून तुळजाभवानी व चामुंडा या दोन्ही देवींचे दर्शन घ्यावयाचे आणि मग चहा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. २०२१ च्या दिवाळीत पाडव्याला आम्ही धारहून तेथे गेलो, तेव्हा वहिनींनी आम्हांस स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितले, की महिनाभर झाला, हे अर्ध्या टेकडीवरून परत येतात. जेवणही निम्म्यावर आले होते. उजव्या कुशीत जडपणा वाटतो, एवढेच अण्णांचे म्हणणे.

देवासला सोनोग्राफी झाली आणि तेथून आम्हांस इंदूरला पिटाळण्यात आले. तेथे जे छायाचित्रण झाले त्याची रीत आम्हांस मोठी नवलाची वाटली. शिरेतून एक द्रव्य सोडतात आणि ठराविक सेकंदांच्या अंतराने चित्रे घेतात. रोहिणीतील रक्त पोचते त्या क्षणी गाठ उजळते. काही वेळाने बाकीचे यकृत उजळू लागते तेव्हा गाठ मात्र फिकी पडलेली असते. रोग्याला यकृताचा जुना विकार असेल, तर केवळ या उजळण्या-विझण्यावरून, तुकडा काढून न तपासताही, यकृताच्या कर्करोगाचे निदान करता येते. अण्णांच्या यकृताच्या उजव्या भागात तीन गाठी होत्या. थोरली सहा सेंटिमीटरची, धाकट्या दोन तीनच्या आतबाहेर.

ते अहवाल पाहणाऱ्या डॉक्टरांनी विचारले, "यांना हिपॅटायटिस बी असल्याचे पूर्वी कोणी सांगितले होते काय?" अण्णा आमच्याकडे पाहू लागले. आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.

ही हकीकत लिहावी की न लिहावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. २००९ साली आमच्या शाळेत रक्तदान शिबिर होते. अण्णा सहज धारला आले होते, त्यांनीही रक्त दिले. पंधरा दिवसांनी आमच्या पत्त्यावर त्यांच्या नावाचे एक बंद पाकीट आले : आपल्या रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूची खूण आढळली आहे, तरी फेरतपासणीस यावे. त्या वेळी आमच्या पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. अण्णा म्हणाले, "हे आत्ता बाहेर नको. आपली माणसे मोजकी, चार गावांत पसरलेली. इंदूरला कळले की उज्जैनला कळते." आम्ही सुशिक्षित, चारचौघांत आरोग्यावर भाषणे देणारे, आम्ही मान डोलावली. पाकीट आमच्या कपाटाच्या खणात जुन्या पंचांगांखाली गेले. लग्न थाटात झाले. अण्णांना कसलाच त्रास नव्हता, म्हणून पाकीट तेथेच राहिले. हा विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने राहतो आणि मुकाट्यानेच यकृत कठीण करीत आणतो, हे वाचण्याची तसदी आम्ही घेतली नाही. दर सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी होत राहिली असती, तर गाठ बोराएवढी असतानाच सापडली असती. मध्ये बारा वर्षे गेली होती.

असो. इंदूरमध्येच एका नावाजलेल्या ठिकाणी अण्णांचे कागद उभ्या उभ्या चाळून आम्हांस सांगण्यात आले, की तीन गाठी म्हणजे ऑपरेशनची वेळ गेली, आता गोळ्या द्या आणि घरी ठेवा. बाहेर येऊन अण्णा पोह्याच्या गाडीवर थांबले आणि म्हणाले, "भूक लागली आहे." त्या दोन शब्दांनी आम्हांस जो धीर आला तो अजून पुरतो आहे. आम्ही अवंतिका एक्सप्रेसची तिकिटे काढली.

परळच्या टाटा रुग्णालयाविषयी वाचकांस सांगणे नलगे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या पतीच्या नावाच्या विश्वस्त निधीतून १९४१ च्या फेब्रुवारीत हे रुग्णालय उघडले. माळव्यातून तेथे जाणाऱ्यांची रीघ कधी तुटलेली नाही. आम्ही दादरला एका आप्ताकडे उतरलो. आमच्याच गाडीतून उतरलेले एक कुटुंब दादरच्या गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत गेले, आणि ज्यांना तेही जमले नाही अशी माणसे रुग्णालयासमोरच्या पदपथावर पथारी टाकून होती. त्यांच्याकडे पाहिल्यावर आपल्या तक्रारी गिळाव्या लागतात.

तेथील तरुण सर्जनांनी आम्हांस अर्धा तास दिला. आम्ही मुख्याध्यापक आहोत हे कळल्यावर त्यांनी कागद ओढून फळ्यावर शिकवावे तसे शिकविले. या रोगाच्या पायऱ्या बार्सिलोना येथील तज्ज्ञांनी १९९९ साली आखून दिल्या. एकच गाठ किंवा दोन-तीन लहान गाठी, ही आरंभीची पायरी; रोग रक्तवाहिनीत शिरला किंवा यकृताबाहेर गेला, की पुढची. यांच्यामध्ये 'ब' ही पायरी : गाठी अनेक, परंतु रोग अजून यकृताच्या कुंपणातच, यकृताचे काम बरे चाललेले आणि माणूस हिंडताफिरता. अण्णा या मधल्या पायरीवर होते. "पुस्तकात या पायरीसमोर शस्त्रक्रिया लिहिलेली नसते," ते म्हणाले, "परंतु पायरी एक असली तरी तीवर उभी असलेली माणसे एकसारखी नसतात."

पुस्तकात लिहिलेला उपाय म्हणजे गाठीची रसद तोडणे. निरोगी यकृताला तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून मिळते. गाठ मात्र जवळजवळ सर्व रक्त रोहिणीतून ओढते. म्हणून जांघेतील रोहिणीतून बारीक नळी घालून ती यकृतापर्यंत नेतात, गाठीच्या फांदीत औषध सोडतात आणि मागून ती फांदी बुजवून टाकतात. गाठ उपाशी मरते, यकृत जगते. याने आयुष्य वाढते हे २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील दोन प्रयोगांनी दाखवून दिले. परंतु याने रोगाचे मूळ सहसा जात नाही. मूळ काढावयाचे तर दोनच मार्ग. गाठीसह यकृताचा भाग कापून काढावा, नाहीतर सगळे यकृतच बदलावे.

कापण्याविषयीचे मत अलीकडे बदलत चालले आहे. शांघाय येथे १७३ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. गाठी मोठ्या वा अनेक, परंतु यकृत सशक्त, अशा रोग्यांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांची केवळ रसद तोडली. तीन वर्षांनी पहिल्या गटातील शंभरातील एक्कावन्न-बावन्न हयात होते, दुसऱ्यातील अठरा. आकडे ऐकून आम्ही लगेच म्हणालो, "मग कापाच." सर्जन हसले. चाकू कोठे चालवायचा यापेक्षा मागे काय उरते हा खरा प्रश्न असतो, असे त्यांनी सांगितले. यकृताचे आठ विभाग आहेत, प्रत्येकाची शीर वेगळी. ही विभागणी कुइनो नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडली आणि तिच्याच आधारे आजचे सर्जन यकृत कापतात. निरोगी माणसाला चौथा हिस्सा उरला तरी चालतो, कारण यकृत पुन्हा वाढते. कठीण झालेल्या यकृताचे मात्र निदान चाळीस टक्के उरावेच लागते. ते तेवढ्या जोमाने वाढत नाही. अण्णांच्या तिन्ही गाठी उजवीकडे होत्या, हे सुदैव. परंतु उजवा भाग काढला तर मागे तीस टक्केही उरत नव्हते.

राहिला यकृत बदलण्याचा मार्ग. याचा मोठा गुण असा की गाठींबरोबर रोगट यकृतही जाते, म्हणजे नवी गाठ उगवण्याची जमीनच नाहीशी होते. परंतु कोणाला हा उपाय द्यावा, याचे माप १९९६ साली मिलान येथील मॅझाफेरो यांनी घालून दिले : एकच गाठ असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, अथवा फार तर तीन गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत. या मापात बसणाऱ्या ४८ रोग्यांपैकी चार वर्षांनी चारातील तिघे हयात राहिले; तोवर हा उपाय या रोगात फसतो असाच समज होता. अण्णा मापाबाहेर होते. मात्र आधी रसद तोडून गाठी आकसवाव्या आणि रोगी मापात आला व काही महिने टिकला तर मग बदलावे, अशी वाट त्याच मॅझाफेरो यांनी २०२० साली दाखविली. तशा रोग्यांत यकृत बदललेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरातील सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जगले, न बदललेल्यांपैकी एकतीस. प्रयोग लहान होता, अवघ्या ४५ माणसांचा. परंतु बुडत्याला तेवढे पुरते.

आता यकृत आणावयाचे कोठून? आपल्याकडे १९९४ च्या कायद्यान्वये मेंदू मृत झालेल्या माणसाचे घेता येते. आमच्या इंदूरने या कामात चांगले नाव मिळविले आहे. २०१५ पासून तेथे पोलीस रस्ते मोकळे करून अवयव विमानतळापर्यंत पोचवितात. तरी वाट पाहणारे फार, देणारे थोडे. विलासराव देशमुख २०१२ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईस यकृत व मूत्रपिंड यांची वाट पाहत गेले, हे सर्वांना आठवत असेल. म्हणून भारतात बहुतेक यकृते घरातूनच येतात. जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा अर्धाअधिक भाग काढून रोग्यास बसवितात, आणि दोघांचीही उरलेली यकृते काही आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत होतात. १९९८ साली दिल्लीत एका पित्याने आपल्या तान्ह्या मुलास असा भाग दिला. देशातले यशस्वी यकृतरोपण ते पहिले. खर्च ऐकून मात्र आम्ही गप्प झालो : वीस-पंचवीस लाख.

पैशाचे पाहता आले असते; धारचे घर होते. प्रथम आम्ही स्वतःचे नाव दिले. आमचे आणि अण्णांचे रक्त एकाच गटाचे. मनातून असे वाटत होते, की त्या पाकिटाची फेड करण्याची ही संधी आहे. तपासणीनंतर कळले, की आमचे वय सीमेवर आहे आणि यकृतावर चरबी चढली आहे. चाळीस वर्षे खाल्लेल्या रतलामी शेवेने आणि जिलबीने आम्हांस ऐन वेळी नापास केले. वहिनींचा रक्तगट जुळेना. पुतण्याची तपासणी केली, तर त्याच्याही रक्तात तोच विषाणू. हा विषाणू एकत्र जेवल्याने जात नाही. परंतु रक्ताने जातो, आईकडून जन्मतेवेळी मुलास जातो, आणि एका घरातील वस्तरा वा नखे काढण्याचे पाते यांवरूनही जाऊ शकतो. घरातील सर्वांस २००९ सालीच तपासून लस टोचली असती तर तो वाचला असता की नाही, हे आज कोणी सांगू शकणार नाही. आम्ही तो प्रश्न डॉक्टरांना विचारलाही नाही.

राहिली पुतणी. तिचे पुण्यात सासर, पदरी दोन मुले. बाळंतपणाच्या वेळी तपासणी होऊन तिने लस घेतली होती. ती आली, कोणाला न विचारता तिने सर्व तपासण्या करून घेतल्या आणि फाईल अण्णांपुढे ठेवली. सगळे जुळत होते. तिच्या यजमानांनी एवढेच म्हटले, की निर्णय तिचा आहे. सासूबाई मात्र दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि त्यांना दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. देणाऱ्यालाही धोका असतो, क्वचित का होईना, प्राणाचा असतो.

अण्णांनी फाईल उघडलीही नाही. म्हणाले, "ज्या मुलीच्या लग्नासाठी मी हा रोग लपविला, तिच्याच पोटावर आता सुरी फिरवू?" ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच मला काळजाचा तुकडा म्हणत होता ना? मग तुकडा परत घ्या." आम्ही तेथून उठून गच्चीवर गेलो. समोर टेकडी होती. याच टेकडीजवळ १९४८ साली एक तरुण गवई क्षयाने जर्जर होऊन हवापालटासाठी आला आणि पुढे एका धड फुप्फुसावर चार दशके गायला. कुमारजींचा देवासशी जडलेला संबंध आपल्या घरोघर ठाऊक आहे. आम्हांस त्या वेळी गाणे आठवले नाही, फुप्फुस आठवले.

२०२२ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये अण्णांच्या गाठींची रसद दोनदा तोडली. प्रत्येक वेळी आठवडाभर ताप आणि मळमळ. विषाणू दाबण्याची रोजची गोळी तर नोव्हेंबरपासूनच सुरू झाली होती. एप्रिलच्या चित्रात थोरल्या गाठीचा जिवंत भाग तीन सेंटिमीटरच्या आत आला होता. रक्तातील गाठीची खूण दाखविणारा आकडाही उतरला होता. म्हणजे अण्णा मिलानच्या मापात आले! दोन्ही दारे आता उघडी होती. पुतणीने पुन्हा फाईल काढली. दुसऱ्या एका रुग्णालयातील प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की कठीण यकृत ठेवून गाठ काढणे म्हणजे वाळवी लागलेल्या घराचा एक वासा बदलणे. परळच्या सर्जनांचे मत असे, की यकृताचे काम चांगले आहे, प्लीहा वाढलेली नाही, शिरांवर दाब नाही. तेव्हा कापून पाहावे आणि मुलीचे दान हाताशी राखून ठेवावे. दोघेही जाणते, दोघांचेही म्हणणे खरे. शेवटी ते दार अण्णांनीच निवडले. आम्हांस आजही वाटते की त्यांनी ते वैद्यकाच्या आधारे निवडले नाही.

उरणारा भाग लहान होता, त्यावर एक युक्ती आहे. ती जपानच्या माकुउची यांच्या हाताने १९८० नंतरच्या वर्षांत रूढ झाली. जो भाग काढावयाचा त्याची प्रतिहारी शीर आधीच बुजवून टाकतात. मग सगळे रक्त दुसऱ्या भागाकडे वळते आणि तो आपोआप फुगू लागतो. अण्णांचा डावा भाग पाच आठवड्यांत चाळीस टक्क्यांच्या वर गेला. जूनमध्ये उजवा भाग काढला. शस्त्रक्रिया सात तास चालली. नंतर पोटात पाणी भरले, डोळे पिवळे झाले आणि बारा दिवस आम्ही रोज संध्याकाळी बिलिरुबिनचा आकडा ऐकण्यासाठी जिन्यात उभे राहत होतो. तेराव्या दिवशी तो उतरू लागला.

कापलेल्या यकृतात पाच वर्षांच्या आत नवी गाठ येण्याचा संभव दहांतील सहा-सात जणांना असतो, हे आम्हांस आधीच सांगितले होते. २०२४ च्या दिवाळीआधी ती आली, दोन सेंटिमीटरची. सुई घालून ती जाळून टाकली. एका रात्रीत अण्णा घरी. पुतणीने त्याही वेळी फाईल आणली होती.

ते पाकीट आम्ही खणातून काढून पुतण्याला दिले. तो हीच गोळी रोज घेतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. २०१८ पासून या रोगाची औषधे सरकारी योजनेतून विनामूल्य मिळतात, हे पुष्कळांना माहीत नाही. त्याच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा पहिल्याच बैठकीत आम्ही कागद पुढे ठेवला. इंदूरच्या एका मंडळींनी चहा घेऊन निरोप घेतला तो घेतलाच. दुसऱ्या मंडळींनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मुलीने लशीचे तीन डोस घेतले आणि मग मुहूर्त काढला.

आमच्या शाळेतील पुष्कळशी मुले भिल्लांच्या पाड्यांवरून येतात. घरी मक्याची भाकरी. १९७४ साली शेजारच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ माणसे काविळीने आजारी पडली, त्यांतील १०६ दगावली. तेच बुरशीचे विष थोडे थोडे पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगास निमित्त होते, आणि सोबत हा विषाणू असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. म्हणून पावसाळा संपला की आम्ही प्रार्थनेनंतर मका वाळविण्याविषयी बोलतो. मुले कंटाळतात. कोणाच्या घरी बाळ झाल्याचे कळले की चोवीस तासांत पहिली लस टोचली काय, हेही विचारतो. या लशीचा शासनाच्या कार्यक्रमात २००२ पासून टप्प्याटप्प्याने समावेश झाला, म्हणजे आमच्या पिढीला ती मिळालीच नाही.

गेल्या रविवारी देवासला गेलो होतो. अण्णा पहाटे निघाले, आम्ही मागून. अर्ध्या टेकडीवर एका कट्ट्याशी ते थांबले. आम्ही घाबरून विचारले, "काय होते आहे?" ते म्हणाले, "मला काही नाही. तू धापा टाकतो आहेस म्हणून थांबलो." पुढच्या सोमवारी त्यांची तपासणी आहे. पुतणीने पुण्याहून मुंबईचे तिकीट काढले आहे. फाईल आणू नको असे अण्णांनी तिला फोनवर बजावले, त्यावर ती काही बोलली नाही.